एन-फोरच्या जपानीवर पहिली भेट

पत्र: ताई, मी मूळची कोल्हापूरची, वय २८, कावासाकीत सॉफ्टवेअरचं काम करते. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, त्यामुळे माझं जपानी एन-फोर (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) पास होऊन तिथेच अडकलंय. वॉर्डच्या स्पोर्ट्स सेंटरमधल्या बॅडमिंटन ग्रुपमध्ये एक जपानी मुलगा भेटला. त्याचं इंग्रजी माझ्या जपानीपेक्षाही कच्चं. लाइन या मेसेजिंग ॲपवर ट्रान्सलेटर लावून आमच्या गप्पा चालतात. आता त्याने विचारलंय, पुढच्या शनिवारी 'फुतारी दे' कुठेतरी जाऊ या का. मी हो म्हणून बसले आणि आता धडकी भरलीय. ही डेट आहे की नुसतं फिरणं? समोरासमोर बोलणार काय, सारखा फोन पुढे करायचा का? मी मांस-मासे खात नाही, अंडं खाते, हे त्याला कसं सांगू? आणि एखादी गोष्ट नको असेल तर मला नीट 'नाही' म्हणता येईल का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. 'फुतारी दे' म्हणजे दोघंच. ग्रुपमधल्या कुणाला जपानी माणूस सहज फिरायला बोलावतो तेव्हा 'मिन्ना दे', सगळे मिळून, असं म्हणतो. दोघंच असं मुद्दाम सांगितलं असेल तर ती डेट समजूनच तयारीला लाग. मात्र डेट म्हणजे तुमचं जमलं, असा अर्थ तिकडे होत नाही. त्यावर शेवटी येते.

एन-फोरचं जपानी तीन-चार तासांना पुरतं. सहा तासांना, गोंगाटात, रिकाम्या पोटी पुरत नाही. अशा भेटी फसतात त्या व्याकरणापायी क्वचितच. संध्याकाळी सातला इझाकायात, म्हणजे दारू आणि खाणं मिळणाऱ्या ठिकाणी, बसायचं ठरतं, शेजारच्या टेबलावर ऑफिसची पार्टी चाललेली असते, ट्रान्सलेटरला कुणाचा आवाज पकडायचा ते कळत नाही, मेनू हाताने लिहिलेला असतो, न मागता आलेल्या पहिल्या वाटीत मासळी असते आणि दोघंही कसनुसं हसत बसतात. म्हणून ठिकाण, वेळ आणि जेवण या तीन गोष्टी आधी लिहून पक्क्या कर. त्या पक्क्या असल्या की उरलेलं तुटक्या वाक्यांवर निभावतं.

वेळ सकाळी ११ ची ठेव आणि दुपारी अडीच-तीनला निघायचं आधीच सांगून टाक. परक्या भाषेत सतत ऐकणं फार थकवतं. काही वेळाने ओळखीचे शब्दही कानाला लागेनासे होतात, आणि हे त्याच्या बाबतीतही तितकंच खरं, कारण तुझ्यासाठी सोपं जपानी बोलणं हेही त्याला कष्टाचंच काम आहे. छान चाललंय असं वाटत असतानाच भेट संपली तर पुढची ठरते.

ठिकाण असं हवं की समोर काहीतरी असेल आणि त्यावर बोलता येईल. सिनेमा नको: दोन तास शेजारी बसून एक शब्द बोलायचा नाही, आणि जपानी सिनेमा सबटायटलशिवाय तुला झेपणार नाही. मी उएनो सुचवेन. कावासाकीहून तोकाइदो लाइनची उएनोकडे जाणारी गाडी पकडलीस की गाडी न बदलता अर्ध्या तासाच्या आसपास पोचतेस. स्टेशनच्या 'कोएन-गुची' गेटमधून बाहेर पडलं की समोरच बाग. तिथलं प्राणिसंग्रहालय १८८२ पासूनचं, जपानमधलं सर्वांत जुनं. मोठ्या माणसांनी प्राणी बघायला काय जायचं, असं मनात आणू नकोस. टोकियोत प्राणिसंग्रहालय आणि मत्स्यालय ही डेटची अगदी रुळलेली ठिकाणं आहेत. आणि तुझ्याकडे असलेले शब्द नेमके इथलेच आहेत: मोठा, लहान, झोपलाय, खातोय, भारतात आहे, जपानमध्ये नाही. पाऊस किंवा ऑगस्टचा उकाडा असेल तर त्याच बागेतलं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय हाताशी ठेव. आत बोलावं लागतं हळू, पण गारवा असतो.

प्राणिसंग्रहालयाच्या पश्चिम भागातल्या बेंतेन-मोन दारातून बाहेर पडलात की शिनोबाझु तळं आणि त्यातल्या बेटावरचं बेंझाइतेनचं देऊळ, बेंतेन-दो, जवळच आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. बऱ्याच चित्रांत तिच्या हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य असतं. इथे तुला सांगण्यासारखं आहे आणि त्यालाही. अर्धी गोष्ट तुला माहीत, अर्धी त्याला. दुसऱ्या भेटीसाठी याहून सुंदर जागा आहे. उएनोहून गिंझा लाइनने पाच मिनिटांत आसाकुसा (जपानची पहिली भुयारी रेल्वे १९२७ साली याच दोन स्टेशनांमध्ये सुरू झाली) आणि तिथून दहा-बारा मिनिटं चाललं की मात्सुचियामा शोदेन. हे देऊळ कांगितेनचं, म्हणजे गणपतीच्याच एका रूपाचं. मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत, आणि मोदकाच्या जागी देवाला पांढरा मुळा वाहतात. कोल्हापूरच्या मुलीने तिथे नेऊन 'हा आमच्या घरी येतो' असं सांगितलं, तर त्यावर निदान अर्धा तास बोलणं होईल.

आता तारीख-वेळेचा घोळ. हा भाग रटाळ वाटेल, पण गोंधळ खरा इथेच होतो. तिकडे महिना आधी लिहितात: ८/४ म्हणजे ४ ऑगस्ट. आपला डोळा ८ एप्रिल वाचतो. बोलताना तर आणखी पंचाईत, कारण ४ तारीख म्हणजे 'योक्का' आणि ८ तारीख म्हणजे 'योओका'. फरक फक्त मधल्या अडखळीचा आणि लांब स्वराचा, भल्याभल्यांची फसगत होते. एक वाजता 'इचि-जि' आणि सात वाजता 'शिचि-जि' हेही गर्दीत सारखंच ऐकू येतं. म्हणून तोंडी काहीही ठरलं तरी लाइनवर आकड्यांत लिहून पाठव: महिना/तारीख, कंसात वार, २४ तासांच्या घड्याळाची वेळ, स्टेशन आणि गेट. गेट विसरू नकोस. उएनोला बरीच गेटं आहेत, आणि 'मी स्टेशनवर आहे' असं दोघांनी वीस मिनिटं एकमेकांना लिहीत राहणं ही तिथली नेहमीची कथा. पाच मिनिटं आधी पोच. उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी कळव. दहा मिनिटांनी पोचून माफी मागण्यापेक्षा 'दहा मिनिटं उशीर होतोय' हा आधीचा मेसेज तिकडे फार मोलाचा.

ट्रान्सलेटर वापर. लाजू नकोस. फक्त तो जिथे नेमका घसरतो त्या जागा ओळखून ठेव. जपानीत कर्ता आणि कर्म सर्रास गाळतात. मराठीतही आपण गाळतो, पण आपल्या क्रियापदावरून 'जाते', 'जातोस' कळतं. जपानी क्रियापद मी-तू-तो सगळ्यांना एकच. त्यामुळे यंत्र कर्ता अंदाजाने भरतं. तो हत्तीकडे बघून नुसतं 'सुकि देसु' म्हणाला, तर स्क्रीनवर 'मला तू आवडतेस' असं उमटू शकतं. असं काही उमटलं की लाजण्याआधी 'नानि गा?', काय आवडतं, एवढं विचार.

तू लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट लिही आणि कर्ता घाल. 'बघू, जमलं तर येतेच' याचं जपानीत काय होईल त्याचा नेम नाही. 'शनिवारी मी येणार आहे. मी ११ वाजता पोचेन.' हे नीट जातं. महत्त्वाचं वाक्य असेल तर आलेलं जपानी उचलून उलट मराठीत करून बघ. अर्थ तोच परत आला तरच पाठव. आणखी एक: 'तू'साठी यंत्र 'अनाता' घालतं. नव्या ओळखीच्या माणसाला अनाता म्हणणं कानाला खटकतं. ते खोडून तिथे त्याचं आडनाव आणि 'सान' (आपल्या 'जी'सारखं) लिही. समोरासमोर हाच नियम.

फोन टेबलावर दोघांच्या मध्ये आडवा ठेव, म्हणजे कुणी कुणापुढे नाचवतोय असं होत नाही. जपानी भाषेचा ऑफलाइन संच घरूनच उतरवून घे, तळघरातल्या कॅफेत रेंज जाते. पॉवर बँक ने. गाडीत फोनमध्ये मोठ्याने बोलू नकोस, तिथे टाइप कर.

आणि यंत्राआधी स्वतः प्रयत्न कर. इथे मराठी तुझ्या बाजूची आहे. ऑफिसच्या सवयीने तू डोक्यात आधी इंग्रजी वाक्य जुळवत असशील आणि मग त्याचं जपानी करत असशील. ते सोड. मराठीतून थेट जा: 'शनिवारी मी उएनोला जाते', 'दोयोबी-नि वाताशि-वा उएनो-नि इकिमासु'. शब्दांचा क्रम तोच, क्रियापद शेवटी, 'ला'च्या जागी 'नि'. बोलण्याचा वेग तिथल्या तिथे वाढतो.

तो बोलत असताना मधूनमधून 'हाइ', 'उन्', 'ए' म्हणत राहील. ते आपल्या 'हं'सारखं आहे. ऐकतोय एवढाच त्याचा अर्थ, पटलं असा नव्हे. तुझ्याकडूनही त्याची अपेक्षा असते, पण कळलं नसताना 'हाइ' म्हणत सुटू नकोस. पाच 'हाइ'नंतर तो प्रश्न विचारेल आणि तू उघडी पडशील. 'मो इचिदो, युक्कुरि ओनेगाइशिमासु', परत एकदा, हळू, हे वाक्य जिभेवर बसवून जा. 'तू येणार नाहीस का?' अशा नकारार्थी प्रश्नांपासून दोघंही लांब राहा. तिकडे अशा प्रश्नाला 'हो' म्हणजे 'हो, येणार नाही'. सरळ विचार: येणार का?

काय बोलायचं याची सर्वांत चांगली तयारी म्हणजे फोनमधले दहा फोटो. वेगळा अल्बम कर. रंकाळा, घरचा गणपती, खासबागेतली कुस्ती, आईच्या हातचं भरलेलं ताट, तुझी शाळा, कावासाकीत तू केलेला पहिला स्वयंपाक. प्रत्येक फोटोवर एक जपानी वाक्य आधी तयार कर, दोन नकोत. ताटाच्या फोटोचं उदाहरण घे. 'हाहा नो र्योरि देसु', आईचा स्वयंपाक आहे, एवढंच पाठ कर. मग बोट ठेवून दाखव: हा भात, हे तिखट, हे गोड. तो विचारेल तिखट किती, तू हाताने दाखवशील, तो लहानपणीचं काहीतरी आठवून सांगेल. त्यालाही त्याचे दहा फोटो आणायला सांग. प्रश्न विचारताना पगार, वय, घरात कोण किती कमावतं हे आपल्याकडचे सहज प्रश्न पहिल्या भेटीत नको. गाव कुठलं, शाळेत कुठल्या क्लबात होतास, सुटीत काय करतोस, हे चालतं. 'कुठे राहतेस' याला उत्तर जवळच्या स्टेशनचं किंवा रेल्वे लाइनचं देतात, इमारतीचं नाही. तूही तेवढंच दे.

जेवणाचं त्याला निदान एक दिवस आधी कळव. हॉटेल तो निवडणार असेल तर आयत्या वेळी कळल्यावर त्याची फार ओढाताण होईल. आणि नुसतं 'मी शाकाहारी' हे पुरत नाही. 'निकु नाशि', म्हणजे मांस नको, असं सांगितलं तरी सॅलडवर बेकन आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम येतं, कारण ते बऱ्याच लोकांच्या डोक्यात 'मांस' या खात्यात बसत नाही. त्याहून अवघड आहे दाशी, सुकवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी. मिसो सूप, उदोनचा रस्सा, भाज्यांच्या तेंपुराबरोबरचं बुडवायचं पाणी, अगेदाशी तोफू, एवढंच काय, रेस्टॉरंटमधलं गुंडाळलेलं ऑम्लेट, यांत बहुतेक वेळा दाशी असतेच. ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्यावर तर त्याच माशाचे पातळ पापुद्रे भुरभुरवतात.

तू ठरव की दाशी तुला चालते का. परदेशात राहून ती सोडून देणारे आणि न सोडणारे दोन्ही आहेत, हा पूर्ण तुझा निर्णय. मात्र उत्तर एकच ठेव, टेबलावर बसून बदलू नकोस. चालत नसेल तर हे जसंच्या तसं पाठव: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशि मो ताबेरारेमासेन. तामागो तो ग्यून्यू वा दाइजोबु देसु.' मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, अंडं-दूध चालतं. त्याला जोडून स्वतःच दोन पर्याय सुचव: इटालियन ठिकाणी मार्गेरिता पिझ्झा, किंवा भारतीय जेवण. बऱ्याच स्टेशनांबाहेर भारतीय-नेपाळी रेस्टॉरंट असतं आणि त्यांच्या दुपारच्या सेटमध्ये सहसा डाळ किंवा पालक मिळतं. मला भारतीय पर्याय जास्त पटतो. तिथे मेनू समजावून सांगणारी तू असतेस, आणि दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत चाचपडल्यावर तासभर आपल्या पायाखालची जमीन मिळते.

पैसे बहुतेक ठिकाणी दारापाशी काउंटरवर देतात, टेबलावरची चिठ्ठी तिथे न्यायची. टिप ठेवत नाहीत. ठेवलीस तर वेटर परत द्यायला मागे धावत येईल. वेगवेगळं द्यायचं तर 'बेत्सु-बेत्सु दे'. त्याने सगळं दिलं तर पुढची कॉफी तू घे. पाच-सात हजार येन रोख जवळ असू दे, काही लहान ठिकाणी कार्ड चालत नाही.

आता 'नाही'. याच भागासाठी मी हे उत्तर सविस्तर लिहितेय.

आधी त्याचा नकार ओळखायला शीक. 'दोयोबी वा चोत्तो...', शनिवारी जरा..., असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तो नकार आहे, पुढे काय म्हणतोय याची वाट बघू नकोस. 'माता कोंदो', पुन्हा कधीतरी, आणि त्यासोबत दुसरी तारीख नाही, तर तोही बहुधा नकारच. कारण विचारत बसू नये. दुसरी तारीख स्वतःहून सुचवली तर मात्र खरंच अडचण होती.

तुझा नकार दोन प्रकारांनी ठेव. सिनेमा नको, अजून एक कप नको, यासाठी तेच 'चोत्तो...' वापर, त्याला अचूक कळेल. पण अंगाला हात लावणं, त्याच्या घरी जाणं, जास्त दारू पिणं, यात अर्धवट वाक्य अजिबात ठेवू नकोस. तिथे विनम्र भाषा शोधायची नाही. 'इया देसु', मला नको. 'यामेते कुदासाइ', थांबा. 'काएरिमासु', मी घरी निघाले. हे तीन शब्दप्रयोग मोठ्याने, आरशासमोर, दहा वेळा म्हणून बघ. घाबरलेल्या माणसाला परकी भाषा आठवत नाही, जिभेला सवय असलेलं तेवढंच बाहेर येतं. आणि तेही आलं नाही तर मराठीत ओरड. सूर कुठल्याही भाषेत कळतो. जपानने जुलै २०२३ मध्ये कायदा बदलून संमतीशिवायच्या संबंधाला स्पष्टपणे गुन्हा ठरवलंय. घाबरून गोठल्यामुळे किंवा अचानक घडल्यामुळे नकार देता आला नाही, हेही त्यात धरलं जातं. त्यामुळे 'मला नीट सांगता आलं नाही' याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. पोलीस ११०, अँब्युलन्स ११९. रूममेटला किंवा मैत्रिणीला ठिकाण आणि परतायची वेळ सांगून निघ, फोनचं लोकेशन तिच्याबरोबर चालू ठेव. पुढे कधी संध्याकाळी भेटलात तर शेवटची गाडी आधी बघून ठेव. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या थांबतात, आणि रात्री १० नंतर टॅक्सीला २० टक्के जास्त पडतात. 'गाडी गेली, आता माझ्याकडेच चल' या वळणावर यायचंच नाही.

तुझ्या पत्रातल्या मुलाबद्दल संशय घ्यावा असं मला काही दिसत नाही. ही तयारी कुणाहीबरोबर करायची.

घरी पोचलीस की त्याच संध्याकाळी मेसेज कर, तसा रिवाज आहे: 'क्यो वा अरिगातो गोझाइमाशिता. तानोशिकात्ता देसु.' आजबद्दल आभार, मजा आली. पुन्हा भेटायचं असेल तर 'माता आइताइ देसु' लिही आणि त्याला जोडून एक तारीख दे, आकड्यांत. मात्सुचियामा सुचव. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तर काळजी नको, तोही यंत्रातून तुझं वाक्य तीनदा वाचून बघत असेल.

राहिलं 'जमलं' कधी म्हणायचं ते. तिकडे बऱ्याच जणांच्या मते नातं सुरू होतं ते एका सरळ विचारण्यापासून: 'सुकि देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.' मला तू आवडतेस, माझ्याबरोबर नातं जोडशील का. हे साधारण तिसऱ्या भेटीच्या सुमारास येतं, आणि ते येईपर्यंत हात धरणं, रोज फोन करणं हेही नसू शकतं. त्या शांततेवरून त्याला तू आवडत नाहीस असा निष्कर्ष काढू नकोस. मुलीनेही विचारलेलं चालतं. त्याने विचारलं आणि तुझं मन पक्कं नसेल, तर तिथल्या तिथे उत्तर देण्याचं बंधन नाही. 'सुकोशि कांगाएसासेते कुदासाइ', थोडा विचार करू दे, असं म्हण, आणि उत्तर कुठल्या दिवशी देशील तेही त्याच वेळी सांग. दिवस सांगितला नाहीस तर तो त्याला नकार समजेल.